न बुजविलेली छिद्रे : पालघर-तारापूर परिसरातील भूजल आणि बुजवणीच्या नियमांचा इतिहास

बोईसर ते तारापूर या टापूत पायी हिंडणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसते. पाड्याच्या कडेला सिमेंटचा एक भंगलेला ओटा असतो. त्यावर हातपंपाचे लोखंडी खोड कधी उभे असते, कधी तेही नसते. दांडा गेलेला, साखळी गेलेली, आतले नळ कोणीतरी उपसून नेलेले. उरते ते सुमारे सहा इंच व्यासाचे एक छिद्र आणि त्याच्या तोंडावर ठेवलेला एखादा दगड. दगड सरकवून खडा टाकला तर काही क्षणांनी खाली पाण्याचा आवाज येतो. नळाचे पाणी आले, पंप बंद पडला, आणि गावाच्या दृष्टीने ती वस्तू संपली. भूजलाच्या दृष्टीने मात्र ती संपलेली नाही. जमिनीचा पृष्ठभाग आणि खालचा जलस्तर यांना जोडणारी ती एक उघडी नळी होय.

असे छिद्र कधी खनिजाच्या शोधासाठी घेतले जाते, कधी पाण्यासाठी, तर कधी मोठ्या बांधकामाच्या पायाची तपासणी करण्यासाठी. काम संपते, यंत्र निघून जाते. त्यानंतर त्या छिद्राचे काय करावयाचे, यासंबंधी कोणते नियम झाले आणि ते कोणत्या हेतूने झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, छिद्रे बुजविण्याचे नियम आपल्याकडे आहेत, त्यांपैकी काही बरेच जुनेही आहेत. परंतु ते मुळात पाण्याच्या रक्षणासाठी झालेले नाहीत. आणि नियम ज्या हेतूने होतो, त्या हेतूपुरतीच बुजवणी होते.

प्रथम या भूमीची रचना ध्यानात घेतली पाहिजे, कारण छिद्राचा धोका खडकावर अवलंबून असतो. पालघरचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. हा कातळ एकसंध नाही. लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर, प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, खालचा घट्ट, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट खडकाची पट्टी, अशी त्याची घडण आहे. वरच्या मुरमात आणि फुटक्या कातळात जे पाणी साठते त्यावर साध्या विहिरी चालतात. त्याखालचे पाणी थरांच्या सांध्यांत आणि भेगांत असते. मधला घट्ट कातळ या दोन पाण्यांना एकमेकांपासून बऱ्याच अंशी वेगळे ठेवतो. किनाऱ्याकडे हे थर पश्चिमेस कललेले आहेत आणि त्यांना छेदून जाणाऱ्या, बहुधा दक्षिणोत्तर, भित्तींची येथे दाटी आहे. खाड्यांच्या काठी गाळ आणि खारे पाणी. म्हणजे गोडे, खारे, वरचे, खालचे अशी निरनिराळी पाणी थोड्या अंतरात शेजारी नांदत असतात.

या रचनेत विंधन विहीर कशी घेतली जाते ते पाहावे. वरच्या मातीत व मुरमात काही मीटर लोखंडी नळ, म्हणजे केसिंग, बसवितात. कातळ लागला की पुढे छिद्र उघडे ठेवतात. वालुकामय प्रदेशात सोडून दिलेले छिद्र कालांतराने आपोआप ढासळून मिटते. कातळातले छिद्र ढासळत नाही. ज्या गुणामुळे येथे विंधन विहीर स्वस्त पडते, त्याच गुणामुळे ती सोडून दिल्यावर पिढ्यान्‌पिढ्या उघडी राहते. केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटने भरलेली नसेल, आणि पुष्कळदा ती भरलेली नसते, तर ओट्याभोवती साचलेले पाणीही त्या फटीतून सरळ खाली जाते.

पाणी कोणत्या दिशेने जाईल हे दोन स्तरांतील दाबावर ठरते. पावसाळ्यात वरचा स्तर भरलेला असतो, तेव्हा ओघ बहुधा खाली जातो. पण उलटही घडू शकते. या जिल्ह्यातील कोकनेर, हालोली, सातिवली येथील, आणि थोडे दक्षिणेस, आता ठाणे जिल्ह्यात असलेल्या, तानसा खोऱ्यातील अकलोली, गणेशपुरी व वज्रेश्वरी येथील उष्णोदकाचे झरे प्रसिद्ध आहेत. कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्याचे हे उत्तर टोक. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वज्रेश्वरीच्या कुंडांची दखल घेतलेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्ट्याचा भूऔष्णिक ऊर्जेसाठी अभ्यास केला आणि काही ठिकाणी छिद्रेही घेतली. या झऱ्यांचे पाणी क्षारयुक्त असते. असे पाणी दाबाखाली असेल तर उघडे छिद्र ते वरच्या गोड्या विहिरींच्या पातळीपर्यंत आणून सोडू शकते.

थर जोडले गेल्याने काय होते याचे एक बोलके उदाहरण जर्मनीतील श्टाउफेन या जुन्या गावाचे आहे. तेथील नगरगृह भूगर्भातील उष्णतेने उबदार राखण्यासाठी २००७ साली सुमारे १४० मीटर खोलीची सात छिद्रे घेण्यात आली. खालचे दाबाखालचे पाणी त्यांतून वर चढून निर्जल चुनखनिजाच्या थरात शिरले, त्या खनिजाचे जिप्सम झाले, ते फुगले, आणि गावच वर उचलले जाऊ लागले. दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले. पालघरच्या कातळात असा फुगणारा थर नाही. परंतु नळीभोवतीची फट बंद न केल्याने दोन पाणी एकत्र येतात, हा भाग दोन्हीकडे सारखाच.

आता नियमांकडे वळू. खनिज शोधासाठी खोल छिद्रे घेण्याचे काम मराठी मुलखात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाले ते कोकणात नव्हे, वर्धा खोऱ्यात. वरोड्याच्या कोळशाच्या निमित्ताने तेथे एकोणिसाव्या शतकात छिद्रे घेतली गेली, आणि ह्यूज याने १८७७ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्या कोळसाक्षेत्राचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. त्या खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाण्याने भरलेला असतो. तेव्हा तेथे जुने छिद्र न बुजविणे म्हणजे खाणीत पाणी घेणे. खाणवाल्यास छिद्राची भीती वाटते ती यासाठी. त्या पाण्यावर वरच्या गावाच्या विहिरी चालतात म्हणून नव्हे. अमेरिकेतील टेक्सासचा इतिहासही असाच बोलतो. तेथील कोर्सिकाना गावी १८९४ साली पाण्यासाठी छिद्र घेताना तेल लागले, आणि १८९९ साली त्या राज्याने सोडून दिलेली छिद्रे बुजविण्याचा कायदा केला. त्यातील एक मुख्य चिंता तेलाच्या थरात पाणी शिरू नये ही होती. ज्याच्या मालाला धोका, त्याच्या रक्षणासाठी नियम, असा हा क्रम आहे.

भारतात या विषयावरील स्पष्ट शब्द १९६० च्या खनिज सवलत नियमांत आढळतात. पूर्वेक्षणाचा परवाना संपल्यावर अथवा काम सोडून दिल्यावर, त्या जमिनीवर खाणपट्टा मिळालेला नसेल तर, परवानाधारकाने सहा महिन्यांच्या आत सर्व छिद्रे पक्की बुजवावीत आणि खड्डे भरावेत किंवा त्यांना कुंपण घालावे, अशी अट त्यांत होती. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनी पुढे पूर्वेक्षणाने बाधित झालेली जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारीही परवानाधारकावर टाकली. अट चांगली आहे. परंतु १९६० च्या त्या कलमाचे वाक्य लक्षपूर्वक वाचले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, बुजविणे आणि कुंपण घालणे ही एकाच दमात सांगितलेली कामे आहेत. म्हणजे डोळ्यांसमोर आहे ती जमिनीची वरची बाजू, गुरे-माणसे पडू नयेत आणि जमीन पुन्हा वापरता यावी ही काळजी. पाण्याचा शब्द त्या कलमात नाही, आणि ‘पक्की’ म्हणजे कशाने व किती खोलीपासून, तेही नाही. दुसरी गोष्ट अशी की, अट लागू होते ती परवानाधारकास. पालघर-तारापूरच्या टापूत खनिज पूर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांची गर्दी कधीच नव्हती. येथली छिद्रे पाण्याची आणि पायातपासणीची. त्यामुळे या विषयावरचा सर्वांत स्पष्ट नियम या भूमीवरून जणू वरच्या वर निघून गेला.

पाण्याची छिद्रे येथे आली ती दुष्काळाच्या मार्गाने. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने कठीण खडकात झपाट्याने छिद्र घेणारी, हवेच्या दाबावर हातोडी चालविणारी यंत्रे भारतात आणली. ज्या कातळात पूर्वी एका छिद्रास आठवडे लागत, तेथे ते काम दिवसावर आले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने या तंत्राला राजमार्ग मोकळा झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची उभारणी त्याच काळातली. जालना आणि सोलापूर येथील मिशनांच्या कारखान्यांत घडलेल्या मजबूत पोलादी हातपंपांतून पुढे इंडिया मार्क २ हा पंप आकारास आला. या सर्व खटपटीने लाखो घरांत पिण्याचे पाणी पोहोचले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिची थोरवी कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु तिचा सारा विचार छिद्र घेण्याचा होता. छिद्राला शेवट असतो, ही कल्पना तीत नव्हती.

पुढे खासगी यंत्रे आली. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे येथून निघालेल्या यंत्रगाड्या महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात फिरू लागल्या. पाणाड्याने जागा दाखवावी, रात्रीतून छिद्र व्हावे, पाणी न लागल्यास दुसऱ्या जागी यंत्र लावावे, आणि सकाळी गाडीने पुढच्या गावी जावे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. कोरडी गेलेली बोअर कोणत्या खडकातून किती खोल गेली याची नोंद यंत्रवाल्याच्या डोक्यात असते आणि ती त्याच्याबरोबर जाते.

कायद्याने या प्रवाहाला आवर घालण्याचा प्रयत्न केला. १९९३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर घेण्यास बंदी केली. २००९ चा भूजल अधिनियम, जो प्रत्यक्षात २०१४ साली अमलात आला, ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालतो आणि यंत्रधारकांच्या नोंदणीची व्यवस्था करतो. दोन्हींचा मुख्य रोख अंतर, खोली आणि उपसा यांवर आहे. म्हणजे पाणी किती काढावे, यावर. यामागे एक जुना संस्कार दिसतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी हवे तितके घेण्याचा अधिकार जमीनमालकास दिला. भूजल म्हणजे मालकाचा उपसा, अशी त्या कायद्याची दृष्टी. आधुनिक कायदे त्या उपशाला मर्यादा घालतात, पण दृष्टी बरीचशी तीच राहते.

छिद्र बुजविण्याची सक्ती अखेर आली ती पाण्यासाठी नव्हे, लहान मुलांसाठी. २००६ साली हरियाणात एक मूल उघड्या बोअरमध्ये पडले आणि सुमारे दोन दिवस साऱ्या देशाने त्याची सुटका दूरचित्रवाणीवर पाहिली. अशा अपघातांच्या मालिकेनंतर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्व राज्यांना निर्देश दिले. छिद्र घेण्यापूर्वी पंधरा दिवस कळवावे, भोवती कुंपण असावे, केसिंगवर पोलादी झाकण जोडावे, आणि सोडून दिलेले छिद्र माती, वाळू, दगडगोटे अथवा खोदकामातून निघालेला चुरा यांनी तळापासून वरपर्यंत भरावे, असे त्यांत सांगितले आहे. ज्या हेतूने हे निर्देश झाले त्या हेतूस ते पुरेसे आहेत. मूल त्यात पडणार नाही. परंतु वाळू आणि गोटे यांनी भरलेली नळी पाण्याला अडवीत नाही. ती फक्त त्याचा वेग कमी करते. पृष्ठभागावरून पाहता छिद्र मिटलेले असते, आणि भूजलाच्या दृष्टीने ते उघडेच असते. लेखकाच्या मते ही अवस्था उघड्या छिद्राहून एका अर्थाने अधिक वाईट, कारण त्याची जागाही पुढे सापडत नाही.

येथे तारापूरचा प्रश्न येतो. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले आणि त्यापाठोपाठच्या दशकांत बोईसरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने दाटले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर क्षेत्रास ९३.६९ गुण मिळाले. हे गुण प्रदूषणाचे असून ते त्या वर्षी देशात सर्वाधिक होते. सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे व खाड्यांत जाऊन मासेमारी बुडाली, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि २०२२ साली लवादाने कारखान्यांवर व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नुकसानभरपाई आकारली. रकमांचा वाद आपल्या विषयाचा नाही. लवादाने ज्या तत्त्वाचा आधार घेतला त्याची वंशावळ मात्र आपल्या विषयाची आहे, आणि ती मोठी कुतूहलजनक आहे.

प्रदूषकाने भरपाई द्यावी हे तत्त्व २०१० च्या हरित लवाद अधिनियमात आहे. त्याआधी १९९६ साली राजस्थानातील बिछडी गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते लावले होते; तेथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने आसपासच्या विहिरींचे पाणी निकामी झाले होते. त्या निर्णयाचा पाया १९८६ च्या दिल्ली वायुगळती प्रकरणातील निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त. आणि तो सिद्धान्त न्यायालयाने मांडला तो रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधील निवाड्याच्या मर्यादा ओलांडण्यासाठी. आता हा मूळ खटला काय होता? लँकाशरमधील एका गिरणीमालकाने १८६० साली तळे बांधविले. खोदताना कंत्राटदारांना जुन्या, सोडून दिलेल्या खाणीची कूपके लागली. ती सभोवारच्या मातीसारख्याच मातीने सैल भरलेली होती. कोणी ती नीट बुजविली नाहीत. तळे भरले, एक कूपक फुटले, आणि पाणी जुन्या पोकळ्यांतून शेजारच्या खाणीत शिरले. १८६८ साली उमरावसभेने मालकास जबाबदार धरले. म्हणजे ज्या तत्त्वपरंपरेतून तारापूरच्या कारखान्यांवर दायित्व आले, तिच्या मुळाशी एक न बुजविलेले छिद्र आहे. त्याच शतकातील बॅलार्ड विरुद्ध टॉमलिन्सन हा १८८५ चा निवाडा तर अधिकच जवळचा. एकाने आपल्या निकामी विहिरीत मैला सोडला, तो खालच्या चुनखडकातून शेजाऱ्याच्या विहिरीत गेला. पाणी घेण्याचा हक्क कितीही मोठा असला तरी ते नासविण्याचा हक्क नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले. आपला १८८२ चा कायदा होऊन तीनच वर्षे झाली होती. उपशाचा हक्क आपल्या संहितेत लिहिला गेला. त्याची ही दुसरी बाजू आपल्या विहिरींच्या कायद्यांत ठळकपणे आली नाही.

या इतिहासाचा व्यवहारी अर्थ बोईसर परिसरात असा होतो. सांडपाण्याचा दोष प्रथम नाल्यांत, खाड्यांत आणि वरच्या मुरमातील पाण्यात येतो. घट्ट कातळ त्याला काही काळ वरच थोपवू शकतो. परंतु औद्योगिक क्षेत्राच्या आजूबाजूस सरवली, कोलवडे, कुंभवली, पास्थळ अशा गावांत सोडून दिलेली छिद्रे उघडी असतील, तर कातळाचे हे थोपविणे तेवढ्या जागी निष्फळ होते. कारखान्यांवर दंड बसतो, नाल्याची तपासणी होते. नळी तशीच राहते. आणि नळाचे पाणी ज्या पाड्यावर अजून पुरेसे येत नाही, तेथे उन्हाळ्यात खालच्या पाण्यावरच भिस्त असते.

बुजवणी म्हणजे नेमके काय, याचा हिशेब केला तर तिचा बाऊ वाटेनासा होतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ६० मीटर खोलीच्या छिद्राचे आकारमान एक घनमीटराहून किंचित अधिक भरते. ५० किलोचे सिमेंटचे एक पोते २५ लिटर पाण्यात कालविले तर सुमारे ४० लिटर लापशी होते. म्हणजे भेगांत मुरणारा भाग सोडून पंचवीस-सव्वीस पोती लागतील. त्यात थोडी बेंटोनाइट माती मिसळल्यास लापशी कमी आकसते. खरे कौशल्य ओतण्यात आहे. आत अडकलेले नळ आणि दगड प्रथम काढावे लागतात, खोली मोजावी लागते. मग बारीक नळ तळापर्यंत सोडून लापशी तळापासून वर भरत आणावयाची, आणि नळाचे तोंड सतत लापशीत बुडालेले ठेवून तो हळूहळू वर खेचावयाचा. वरून ओतलेली लापशी पाण्यातून पडताना विस्कटते, मध्येच कोठे अडकून खाली पोकळी राहते, आणि वरून पाहणाऱ्याला छिद्र भरल्यासारखे दिसते. सच्छिद्र पट्ट्यात खडी घातली तरी चालते. घट्ट कातळाच्या पट्ट्यात आणि अगदी वरच्या काही मीटरांत मात्र भराव अभेद्य हवा. शेवटी केसिंग नांगराच्या फाळाखाली कापून वर माती घातली की जमीन पुन्हा शेताची होते. खनिज शोधाचे ७६ मिलिमीटर व्यासाचे, १०० मीटर खोल छिद्र तर यापेक्षाही निम्म्याहून कमी मालात बुजते.

हे लिहिण्याचे आताच कारण असे की, पालघर जिल्ह्यात पुन्हा एकदा छिद्रांचा काळ आला आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्ग बोईसरवरून जातो. वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. अशा कामांत प्रत्येक खांबाच्या व धक्क्याच्या जागी भूतपासणीची छिद्रे घ्यावी लागतात. त्यांच्या नोंदी अभियंत्यांकडे व्यवस्थित असतात, कारण पाया त्यांवर ठरतो. जुन्या छिद्रांचे तसे नाही. सातबाराच्या उताऱ्यावर पाणी देणारी विहीर सिंचनाच्या साधनात चढते. कोरडी गेलेली बोअर कोठेच चढत नाही.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या कामी मोठे यंत्र लागणार नाही. एक-दोन गावे घेऊन प्रत्येक सोडलेल्या हातपंपाची व कोरड्या बोअरची जागा नकाशावर मांडणे, दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने खोली व पाण्याची पातळी पाहणे, वरच्या आणि तळच्या पाण्याची विद्युतवाहकता पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजणे, एवढे काम दोन ऋतूंत होते. वर आणि खाली वाहकता सारखीच आली तर पाणी त्या नळीत मिसळत असावे, असा पहिला संशय घेता येईल, आणि शेजारच्या विहिरींशी ताडून तो पडताळता येईल. हातपंपांच्या जागा माहीत असलेली वयस्क माणसे पाड्यांवर अजून आहेत. जुन्या ग्रामपंचायतीच्या दप्तरांत पंप बसविल्याच्या नोंदी असतील तर असतील. माणसांकडून त्या आधी उतरवून घ्याव्यात.